आठ हाय!

१

अवसरी बुद्रुकच्या फाट्यापाशी, मंचरकडून येताना डाव्या हाताला, आठ खोल्यांची एक रांग होती. सावळेराम नावाच्या माणसानं भाड्यानं द्यायला बांधलेली. लोक तिला आठखोल्या म्हणायचे आणि वस्तीला दुसरं नाव कुणी दिलंच नाही. हा सावळेराम असा चिक्कू, की मुंगीच्या तोंडातला साखरेचा दाणा काढून घेईल. वरून सिमेंटचे पत्रे, दोन खोल्यांत मिळून एकच भिंत, आणि विजेची वायर सगळ्या रांगेला एकच. ती वायर पहिल्या खोलीतून आठव्या खोलीपर्यंत न्यायला त्यानं मधल्या प्रत्येक भिंतीत, माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, मुठीएवढं भोक पाडलं. "नंतर बुजवून देतो," म्हणाला. नंतर कसलं बुजवतोय! लोकांनीच त्यात चिंध्यांचे बोळे कोंबले आणि संसार सुरू केले.

त्या भोकांचा उपयोग काढला धर्माजीतात्यानं. तात्या एक नंबरच्या खोलीत राहायचा. उभा जन्म रस्त्याच्या कामावर मुकादमकी केलेली, त्यामुळे हजेरी घेतल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. वैशाखात वळवाचं वादळ उठलं, गारा सुरू झाल्या, की बाहेर ओट्यावर पाऊल टाकायची सोय नसायची. मग कुणाच्या डोक्यावर पत्रा पडला तर कळायचं कसं? तात्यानं रीत घालून दिली. गारा लागल्या की त्यानं आपल्या भिंतीतला बोळा काढायचा आणि दोन नंबरला विचारायचं, "हाय का?" दोननं तिनाला, तिनानं चाराला, असं करत प्रश्न आठव्या खोलीपर्यंत जायचा. मग तिकडून उत्तर उलटं यायचं. "आठ हाय!" सातवाली ते सहाला सांगणार आणि आपलं जोडणार, "आठ हाय, सात हाय!" शेवटी सगळी गिनती तात्याच्या कानाशी आली की तो ओरडायचा, "समदी हायती! बसा गुमान!" आणि ते शब्द पुन्हा भोकाभोकातून शेवटापर्यंत जायचे.

पोरंटोरं हसायची. पण खरं सांगायचं तर गारांच्या त्या भयाण आवाजात शेजारच्या भिंतीतून "हाय" ऐकू आलं, की मोठ्या माणसालाही बरं वाटायचं.

२

सात नंबरमध्ये साळुबाई राहायची. नवरा लवकर गेलेला, पदरात भरत नावाचा एकुलता पोरगा, आणि रस्त्याच्या कडेच्या शेडमध्ये तिची पिठाची गिरणी. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, तोंडानं त्याहून मजबूत. गिरणीच्या घरघरीनं कान जरा बसलेले, त्यामुळे ती साधं बोलली तरी भांडल्यासारखं वाटायचं. "कर नाही त्याला डर कशाला?" हे तिचं पालुपद. दिवसातून चारदा तरी म्हणायची.

आठ नंबरमध्ये ठकूबाई. एकटी. तिचा भाऊ गेणभाऊ पिंपरी पेंढारला, तो सणासुदीला यायचा, एरवी तिला माणूस म्हणजे साळुबाईच. दोघींचा चहा एका पातेल्यात व्हायचा. एकीच्या घरी कालवण उकळलं की दुसरीच्या घरी वाटी जायची.

पंच्याण्णव सालच्या वैशाखात एका सकाळी दोघींचं फाटलं. झालं असं, की कुणाची तरी बाजरी दळून झाल्यावर साळुबाईनं गिरणी झाडली नाही आणि ठकूचे गहू तसेच टाकले. पिठाला काळसर रंग आला. ठकूनं डबा उघडून बघितला आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत बोलली, "बाजरी मिसळलीच, पर पीठबी कमी भरतंय गं साळू. हात मारतीस की काय?"

गिरणीवालीला याहून वाईट शिवी नाही. साळुबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं ठकूचा डबा रस्त्यावर ठेवला. "आजपासनं माझ्या दारात यायचं न्हाई," म्हणाली. ठकूही कमी नव्हती. "बोलनार बी न्हाई तुझ्याशी," म्हणून डबा उचलून चालती झाली.

त्याच दिवशी चार वाजता आभाळ काळंनिळं झालं आणि गारा आल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पत्रे फुटायला लागले. तात्याची हजेरी निघाली, सहा नंबरच्या बायडाबाईच्या तोंडून सातला आली. साळुबाईनं आठकडच्या भिंतीतला बोळा काढला आणि विचारलं, "हाय का?"

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

साळुबाईच्या डोक्यात सकाळचा राग अजून उकळतच होता. बोलणार नाही म्हणाली होती ना? नको बोलू! माझ्यापुढं नाक घासत येशील. ती तरातरा सहाकडच्या भोकाशी गेली आणि बायडाबाईला म्हणाली, "आठ हाय! तिला काय धाड भरलीय! आन् सातबी हाय."

तात्या ओरडला, "समदी हायती! बसा गुमान!" आणि सगळे अर्धा तास गुमान बसले.

गारा थांबल्यावर ठकूच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा ती पत्र्याच्या तुकड्यांखाली आणि वरच्या वाशाखाली पडलेली होती. अंग अजून कोमट होतं. मंचरला नेईपर्यंत तेही गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाला, की थोडं आधी आणलं असतं तर काही बघता आलं असतं.

३

"पर ती तर हाय म्हनली व्हती," बायडाबाई रडत रडत म्हणाली.

सगळ्यांनी साळुबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "व्हय. म्या माझ्या कानानं ऐकलं. मागनं पडला आसंल वासा."

एकदा म्हटलं ते म्हटलं. पुढं दर वेळी तेच म्हणावं लागलं. गेणभाऊ आला, त्यालाही तिनं डोळ्यात डोळे घालून तेच सांगितलं. तात्या तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "शेवटाला हाय म्हनून गेली बिचारी. हजेरी चुकवली न्हाई." ऐकणारे हळहळायचे. साळुबाई तिथून उठून जायची.

रडली नाही ती. वाकली नाही. कुणी विषय काढला की तिचा आवाज वर चढायचा. "मरान काय कुनाच्या हातात असतंय का? कर नाही त्याला डर कशाला?" त्या दिवशी अंगावर असलेलं हिरवं लुगडं मात्र तिनं पुन्हा नेसलं नाही. फाडून त्याची गोधडी शिवली.

आठ नंबरला कुलूप लागलं, तिथली वायरही सावळेरामनं काढून नेली. हजेरी आता सातवर संपायला लागली.

अठ्ठ्याण्णव साली पुन्हा गारा आल्या. किरकोळ होत्या. बायडाबाईनं विचारलं, "हाय का?" साळुबाईनं सहाकडच्या भोकाला तोंड लावून सांगितलं, "सात हाय!" आणि ती वळतेय तोच पाठीमागच्या भिंतीतून, कुलूपबंद खोलीच्या बाजूनं, कुणीतरी म्हणालं, "आठ हाय."

साळुबाई जागच्या जागी थांबली. मग स्वतःशीच हसली. आवाज तिचाच तर होता! मोकळी खोली, आवाज घुमतो. विहिरीत नाही का घुमत? आणि आपले कान तरी कुठं धड आहेत. दिवसभर गिरणी बंद केल्यावरही डोक्यात गिरणी चालूच असते.

भाकरी थापायला बसल्यावर तिच्या लक्षात आलं. ती "सात" म्हणाली होती. घुमून आलेला आवाज "आठ" कसा म्हणेल?

दुसऱ्या दिवशी तिनं घमेलंभर सिमेंट कालवलं आणि ते भोक लिंपून टाकलं. वरून हाताचा पंजा दाबला. "बोल आता," म्हणाली.

४

भरतचं लग्न झालं ते दोन हजार पाच साली. सून आणली जुन्नरच्या बाजूची, लेण्याद्रीच्या पायथ्याची. हर्षाली तिचं नाव. बारीक चणीची, हसरी, आणि सासूला अजिबात न घाबरणारी. साळुबाईला हे फार आवडलं, पण तसं तिनं तोंडानं कबूल केलं नाही.

हर्षालीला दिवस गेले तशी एक खोली पुरेना. भरत सावळेरामकडून आठ नंबरची किल्ली घेऊन आला.

"ती खोली नको," साळुबाई म्हणाली.

"का गं आई?"

काय सांगणार? "नको म्हनलं ना!"

"ठकूमावशीमुळं? अगं, अकरा वर्सं व्हत आली. ती तर हाय म्हनून गेली, चांगली बाई. भूत व्हनारी न्हवती ती."

साळुबाई चुलीकडं वळली. तिला ठकूची भीती नव्हतीच. ठकू आली असती तर तिनं बसायला पाट दिला असता.

भरतनं विजेसाठी लिंपलेलं भोक उघडायला घेतलं. गिरणीच्या दगडाला टाकी लावायला साळुबाईनं जी छिन्नी-हातोडी ठेवली होती तीच घेतली. "आरं, वायर दारावरनं ने की," ती म्हणाली. "दारावरनं पावसात शॉक बसंल. का अंधारात ठेवू तिला?" चार ठोक्यांत सिमेंटचा गोळा आठ नंबरच्या बाजूला पडला. त्यावर तिच्या पंजाचा ठसा तसाच होता. साळुबाईनं तो उचलून उकिरड्यावर फेकला आणि भोकात नवा बोळा घट्ट कोंबला.

हर्षाली तिकडं रमली. दुपारी दोघी भोकातून गप्पा मारायच्या. "आत्या, चहा टाकला का?" "टाकलाय, ये." साळुबाईला वाटायला लागलं, की आपण उगीच घाबरलो. एका गोष्टीची मात्र तिनं मनाशी गाठ मारली होती. या पोरीला आणि तिच्या पोटातल्या जिवाला काही होता कामा नये. ठकूच्या खोलीत तर नाहीच नाही.

५

दोन हजार सहाच्या मे महिन्यात, हर्षालीला आठवा लागला होता तेव्हा, ते वादळ आलं. भरत टोमॅटोची पिकअप घेऊन नारायणगावला गेलेला. दुपारचे चार वाजले असतील. हर्षाली जेवून तिच्या खोलीत आडवी झाली होती. वारा सुटला तसं तिनं आतून कडी घातल्याचं साळुबाईनं ऐकलं.

मग पहिली गार पडली. एकच. पत्र्यावर कुणीतरी खडा मारावा तशी. तिच्या मागून दुसरी, आणि मग काही मोजायला उरलं नाही. सगळं घर खडखडायला लागलं. कोपऱ्यातल्या पत्र्याला तडा गेला, त्यातून बर्फाचा चुरा चुलीवर पडला. शेजारून कुठूनतरी मोठ्ठा आवाज झाला. मडकी फुटावीत तसा.

"सात! हाय का? आठ हाय का?" बायडाबाईची हाक आली. तात्या ऐंशीला टेकला होता तरी त्यानं हजेरी सोडली नव्हती.

साळुबाईनं आठकडच्या भोकातला बोळा ओढला. "हर्षाली! ए पोरी! हाय का?"

लगेच उत्तर आलं.

"आठ हाय! तिला काय धाड भरलीय!"

साळुबाईचा हात बोळ्यासकट हवेतच राहिला. तिचाच आवाज. अकरा वर्षांपूर्वीचा, रागानं फणकारलेला. 'धाड'वर दिलेला जोरही तोच. हे शब्द हर्षालीला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

पाठीमागं बायडाबाई पुढं सांगत होती, "आठ हाय! सात हाय! सहा हाय!"

"बायडे!" साळुबाई धावत सहाकडच्या भोकाशी गेली. "म्या काई बोलले न्हाई! आठ हाय म्हनून म्या सांगितलं न्हाई!"

"अगं, आत्ता तर बोललीस की! तुझाच आवाज, लख्ख."

"न्हाई गं बाई!"

"डोक्यात गार पडली का तुझ्या? बस खाटंखाली."

मीच बोलले असेन का? साळुबाईला वाटलं. घाबरल्यावर माणूस काय बोलतं ते त्याला कळत नाही. कान गेलेले, आता डोकंही जायला लागलं असेल. तिनं दोन्ही पंजे तोंडावर घट्ट दाबले. दात मिटले. जीभ टाळूला लावली. आणि आठकडच्या भोकाकडं बघत उभी राहिली.

"आठ हाय," भोक म्हणालं. "हाय, हाय. कवाची हाय."

लांबून, सहा भिंतींपलीकडून निघालेले शब्द फिरत फिरत आले. "समदी हायती! बसा गुमान!"

आता कुणी येणार नव्हतं. अर्धा तास कुणीही येणार नव्हतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

भीती वाटली तिला. पण त्या भीतीच्या वर काहीतरी चढलं, आणि तो निव्वळ संताप होता. तिनं भोकाशी तोंड नेलं. "तू हाय म्हनलीस म्हनून कुनी हाय व्हत न्हाई," ती म्हणाली. "थांब, येते. तुझा मुडदा बशिवला."

६

डोक्यावर पितळी परात, हातात छिन्नी-हातोडी. साळुबाई ओट्यावर आली. परातीवर गारांनी ताशा धरला. एक गार मनगटावर बसली, हात कोपरापर्यंत सुन्न झाला. सात नंबरच्या दारातून आठच्या दारात जायला आठ-दहा पावलं. पायाखाली गारांचा थर, सगळं निसरडं. दोनदा पडली. उठली.

"हर्षाली!" दार वाजवलं. आतून काही नाही. तिनं कडीच्या जागी छिन्नी धरली आणि घाव घातला. गिरणीच्या दगडाला टाकी लावणारा हात तो. चौथ्या घावाला कोयंडा सुटला.

खोलीच्या अर्ध्या भागाला छप्परच नव्हतं. पत्रे आणि त्याखालचा लोखंडी अँगल मिळून खाटेवर कोसळलेले. खाली हर्षाली. कमरेखाली सगळं दबलेलं, पायांवर गोधडी, केसांत गारा अडकलेल्या. दोन्ही हातांनी तिनं पोट झाकलं होतं. डोळे उघडे. ती ओठ हलवत होती, पण आवाज फुटत नव्हता.

"आले गं बाय, आले," म्हणत साळुबाईनं परात तिच्या तोंडावर धरली, अँगलला खांदा लावला, जोर केला. हलला नाही. एकटीचं काम नव्हतं ते. तीन-चार माणसं हवी होती.

तेव्हा तिनं मान वळवली.

सातकडच्या भिंतीशी कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. उंच बाई. खांद्यावर आणि अंबाड्यावर पिठाची भुकटी. अंगावर हिरवं लुगडं. साळुबाईनं हर्षालीच्या पायांवरच्या गोधडीकडं बघितलं. तेच हिरवं, तिथं तुकडे होऊन टाचलेलं. पुन्हा भिंतीकडं बघितलं. तिथं ते सबंध होतं. त्या बाईनं भोकाला तोंड लावलं होतं, आणि फुटक्या छपरातून तिच्यावर पडणाऱ्या गारांचा आवाज होत नव्हता.

पळून जावं असं साळुबाईला वाटलं. खोटं कशाला सांगा! एक पाऊल तिनं दाराकडं टाकलंही. पण माणसांना बोलवायचा रस्ता त्या भोकातूनच होता. बाहेर ओरडून गारांपुढं एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नसतं, आणि दारोदार जायचं तर पोरगी उघड्या छपराखाली राहिली असती.

ती भिंतीकडं गेली. "सरक," म्हणाली.

ती बाई हलली नाही.

"सरक म्हनते ना! ती जागा माझी हाय. बोलायचं व्हतं ते म्या बोलायचं व्हतं." आणि तिनं खांदा घातला.

खांद्याला गारठा लागला, नुसता बर्फ. नाकात ताज्या पिठाचा वास आला. मग तळहाताखाली नुसती भिंत होती.

साळुबाईनं भोकाला तोंड लावलं. पलीकडं तिची स्वतःची खोली. तिथं आता कुणीही नव्हतं. तरी भोकाच्या पलीकडच्या तोंडाशी, अगदी तिच्या ओठांपासून वीतभर, कुणीतरी कान लावलेला होता. ऐकताना माणूस श्वास धरतं, तसा तो धरलेला श्वास तिला कळत होता.

"आठ न्हाई!" ती त्या कानात ओरडली. "ऐकतीस का? आठ न्हाई!"

काही नाही.

"पंच्याण्णव सालीबी आठ न्हाई व्हती! ठकू बोललीच न्हवती! म्या खोटं सांगितलं! रागानं सांगितलं! आज तसं व्हनार न्हाई. सांग पुढं! सांग, आठ न्हाई!"

पलीकडचा श्वास सुटला. आणि तिच्या मोकळ्या खोलीतून, पार सहाकडच्या भिंतीजवळून, तिचाच आवाज आला. चाचरत, नवा शब्द शिकणाऱ्या लेकरासारखा.

"आठ... न्हाई."

मग मोठ्यानं, "आठ न्हाई!"

"आँ? आठ न्हाई?" बायडाबाई किंचाळली. पाठोपाठ सहातून पाचात, पाचातून चारात तो शब्द पळत गेला. त्या रांगेतून इतक्या वर्षांत कधीही न गेलेला शब्द. दारं धाडधाड उघडली. कुणी डोक्यावर घमेलं घेऊन, कुणी पोतं, दोघांनी तर बाजलंच पालथं धरलेलं. चार जणांनी अँगल उचलला.

७

हर्षालीचा पाय दोन ठिकाणी मोडला. पोटातलं लेकरू सुखरूप राहिलं. पुढच्या महिन्यात मंचरला मुलगी झाली, चांगली टणटणीत.

"तू सातमधनं ओरडलीस आन् आम्ही आलो तर तू आठमधी," बायडाबाई म्हणाली. "येवढ्यात कशी गं धावलीस?"

साळुबाईनं त्यावर काही सांगितलं नाही. दुसरं मात्र सांगितलं. ओट्यावर सगळे बसलेले असताना, दिवसाउजेडी, तात्याच्या पुढ्यात उभं राहून. ठकू 'हाय' म्हणाली नव्हती. ते मी म्हणाले होते.

तात्या भिंतीला हात टेकून उठला. "म्या अकरा वर्सं लोकांस्नी सांगत आलो, की पोरीनं हजेरी चुकवली न्हाई," एवढंच बोलला आणि आत गेला. त्यानंतर त्यानं कधी हजेरी घेतली नाही. साळुबाई एस.टी.नं पिंपरी पेंढारलाही जाऊन आली. गेणभाऊनं उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं. बस म्हणाला नाही, की पाणी विचारलं नाही. ती तशीच परत फिरली. "कर नाही त्याला डर कशाला" हे पालुपद त्या दिवसापासून तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

भरत म्हणाला, "आई, मंचरला खोली बघतो. सोडू हे."

"म्या का सोडू?" साळुबाई उसळली. "जे हाय ते माझंच हाय. मंचरला काय मागं येनार न्हाई का? हितं निदान मला ठाऊक हाय ते कुठं उभं राहतंय." आठ नंबरवर नवे पत्रे पडले आणि हर्षालीनंही तिथंच राहायचं ठरवलं. तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती.

साळुबाईनं सुनेला एकच गोष्ट बजावली. "माझ्या खोलीतनं काईबी ऐकू आलं तरी मानायचं न्हाई. डोळ्यांनी बघायचं."

दोन वर्षांनी, मार्चमध्येच, अवकाळी गारा आल्या. पहिली गार पडली तशी साळुबाईनं परात डोक्यावर घेतली, आपल्या दाराला बाहेरून कडी लावली आणि निघाली. आता तिची रीत वेगळी होती. विचारायचंच नाही. एक नंबरपासून प्रत्येक दार ढकलायचं, आतलं माणूस बघायचं, पुढं जायचं. एक झालं, दोन झालं. बायडाबाई खाटेखालून म्हणाली, "आगं हाय की गं, दिसत न्हाई का?" "दिसलीस," म्हणून ती पुढं झाली.

सात नंबरच्या, तिच्या स्वतःच्या दाराशी ती आली. बाहेरची कडी तशीच होती. गारा मध्येच जरा विरळ झाल्या, आणि आतून आवाज आला.

"सात हाय! तिला काय धाड भरलीय!"

साळुबाईला पुढचं दिसलं. एक दिवस ती खरंच आत पडलेली असेल, तोंडातून शब्द फुटत नसेल, आणि हे असंच आरामात सांगत असेल. तिनं परातीची कड घट्ट धरली आणि दारावर लाथ घातली. "सात तिथं न्हाई!" ती ओरडली. "सात हितं हाय! भायेर! जित्ती!"

तेवढ्यात आठ नंबरचं दार उघडलं. डोक्यावर घमेलं धरून हर्षाली बाहेर आली. पाय ओढत, गारांवरून सावरत, घाईघाईनं. सासूला ओट्यावर उभी बघून ती थबकली. गालावर गार लागून रक्त आलं होतं.

"अगं येडे, घरात बस ना! कशाला आलीस?" साळुबाई तिच्यावर खेकसली.

हर्षालीनं धाप टाकत सात नंबरच्या बंद दाराकडं बोट केलं.

"आत्या, आतून 'हाय' आलं," ती म्हणाली. "म्हनून तर आले."